फेड, झोर्की, कीव : सोव्हिएत रेंजफाइंडर जमवायला सुरुवात करताना

संपूर्ण यांत्रिक, बॅटरीशिवाय चालणारा, लेन्स बदलता येणारा ३५ एमएमचा जुना रेंजफाइंडर (दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा कॅमेरा) हवा आणि जर्मन लायकावर पैसे ओतायची तयारी नाही, असं असेल तर माणूस फिरून फिरून तीन नावांपाशी येतो : फेड, झोर्की आणि कीव. सोव्हिएत युनियनमध्ये हे कॅमेरे लाखांनी बनले. त्यामुळे आजही ते मुबलक आहेत, आणि मुबलक आहेत म्हणून परवडतातही. पण त्यांच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक जण म्हणतो, 'रणगाड्यासारखे मजबूत आहेत, डोळे झाकून घ्या.' दुसरा म्हणतो, 'भंगार आहे, हात लावू नका.' दोघांचंही खरं असतं, कारण दोघांनी वेगवेगळे नग हाताळलेले असतात. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेले दोन झोर्की हातात घेतले तरी एक लोण्यासारखा चालतो आणि दुसरा अडखळतो. शिवाय गेल्या सत्तर वर्षांत कुणी कुणी ते उघडले, कुठला स्क्रू कुठे बसवला, याचा हिशेब नसतो. म्हणून पुढच्या सगळ्या मजकुरात माझा जोर एकाच गोष्टीवर आहे : मॉडेलपेक्षा नग पाहा.

आधी तीन घराणी ओळखा

फेडचा जन्म खार्किवचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधला. तिथे अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी एक श्रम-वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. वसाहतीला सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याचं नाव दिलेलं होतं आणि त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचं नाव पडलं फेड. मुलं आधी विजेवर चालणारी ड्रिल मशिन्स बनवत होती. मग १९३२ मध्ये बाजारात आलेला लायका-२ समोर ठेवून त्याची नक्कल सुरू झाली आणि १९३४ पासून नियमित उत्पादन होऊ लागलं. युद्धात खार्किव जर्मनांच्या ताब्यात गेलं तेव्हा कारखाना सैबेरियात बेर्द्स्कला हलवावा लागला. बेर्द्स्कचं नाव कोरलेले फेड फार थोडे आहेत आणि नवख्याने त्यांच्या मागे लागू नये.

झोर्की हा फेडचा मॉस्कोकडचा भाऊ. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधल्या यांत्रिक कारखान्याने (संग्राहक त्याला केएमझेड म्हणतात) १९४८ मध्ये फेडच्याच आराखड्यावर सुरुवात केली. अगदी सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांवर तर फेड आणि झोर्की अशी दोन्ही नावं कोरलेली आहेत. पुढे मात्र झोर्कीने स्वतःची वाट धरली. केएमझेडचं बोधचिन्ह लक्षात ठेवा : प्रिझमची आकृती आणि तिच्यातून वाकून जाणारा प्रकाशकिरण. लेन्सवर हे चिन्ह दिसलं की माल क्रास्नोगोर्स्कचा.

कीवचं कूळ वेगळं. हा लायकाच्या नव्हे, तर झाइस आयकॉन या जर्मन कंपनीच्या काँटॅक्स कॅमेऱ्याच्या वंशातला. युद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून जर्मनीतली काँटॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत युनियनने नेली आणि कीवच्या आर्सेनल कारखान्यात १९४०च्या दशकाच्या शेवटी हे कॅमेरे बनू लागले. काँटॅक्स-२ आणि ३ म्हणजे जवळपास तेच कीव-२ आणि ३. पुढे कीव-४ (वर प्रकाशमापक) आणि ४ए (प्रकाशमापकाशिवाय) आले आणि हा १९३६चा आराखडा थोड्याफार फरकाने १९८०च्या दशकापर्यंत बनत राहिला. आतली रचना फेड-झोर्कीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. शटर कापडाचं नसतं, धातूच्या बारीक पट्ट्यांचं असतं आणि ते वरून खाली धावतं.

लेनिनग्राद नावाचा चौथा एक कॅमेरा आहे, स्प्रिंगच्या मोटरने आपोआप फिल्म पुढे सरकवणारा. १९५८च्या ब्रसेल्स प्रदर्शनात त्याला ग्राँ प्री मिळालं होतं. दिसायला देखणा, किमतीला महाग, दुरुस्तीला त्रासदायक. नंतर कधीतरी.

पहिला कॅमेरा : फेड-२ किंवा झोर्की-४

पहिला कॅमेरा कपाटात ठेवायला घेऊ नका, वापरायला घ्या. रोल घातल्याशिवाय या यंत्रांचे गुणदोष कळत नाहीत, आणि ते कळल्याशिवाय दुसरा नग पारखता येत नाही.

फेड-२ (१९५५ पासून) माझी पहिली शिफारस. त्याचा रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर, ६७ मिलिमीटर आहे. लेन्स आट्यांवर फिरवून बसवायच्या या स्क्रू-माउंट घराण्यात तो लांबच म्हणायचा. पाया लांब तितका फोकस नेमका. चौकट पाहायची आणि फोकस करायची खिडकी एकच, पाठ पूर्ण निघते त्यामुळे फिल्म भरणं सोपं, आणि वेग मोजकेच : १/२५ (नंतरच्या नगांत १/३०) ते १/५००, शिवाय बल्ब (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं). संथ वेगांची यंत्रणाच नाही म्हणजे बिघडायलाही एक गोष्ट कमी. काही फेड-२ लाल, निळ्या, हिरव्या कातडीत कारखान्यातूनच निघाले होते. पण आज दिसणारे बरेचसे रंगीत नग विक्रेत्यांनी नंतर कातडी बदललेले असतात, तेव्हा रंगासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

झोर्की-४ (१९५६ ते १९७०च्या दशकाची सुरुवात) हा झोर्कींमधला सगळ्यात जास्त खपलेला. त्याची व्ह्यूफाइंडरची खिडकी मोठी आणि स्वच्छ, दिसणारी प्रतिमा जवळपास प्रत्यक्षाएवढी. दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. वेग एक सेकंद ते १/१०००. रिवाइंडच्या नॉबखाली छोटी तरफ असते, तिने नजरेच्या नंबराप्रमाणे दृश्य स्पष्ट करता येतं. चश्मेवाल्यांना याचं मोल कळेल. मात्र डोळा लावायची कडा उघड्या धातूची आहे आणि ती चष्म्याच्या काचेवर चरे पाडते. तिथे आधीच रबराची बारीक रिंग किंवा मऊ चिकटपट्टी लावून टाका. नंतरच्या झोर्की-४केमध्ये नॉबऐवजी फिल्म ओढायची लिव्हर आहे, वेगाने काम करणाऱ्याला ती सोयीची.

फेड-१ आणि झोर्की-१ देखणे आहेत, यात वाद नाही. छोटे, गोलसर, लायकासारखे. पण फिल्म खालून भरावी लागते, त्यासाठी फिल्मची जीभ लांब कापावी लागते, फोकस एका भोकातून आणि चौकट दुसऱ्यातून पाहावी लागते. शिवाय युद्धापूर्वीच्या फेडमध्ये लेन्स आणि बॉडी यांची जोडी एकमेकांशी जुळवलेली असायची, म्हणजे एकाची लेन्स दुसऱ्याला लावली तर फोकस चुकू शकतो. हे सगळं आवडीने करण्याचा टप्पा येतो, पण पहिल्या दिवशी नाही.

कीव घ्यायचा मोह होणारच. त्याचा रेंजफाइंडर ९० मिलिमीटर पायाचा आणि एकाच लांब प्रिझमवर बसवलेला, त्यामुळे अनेक दशकं सरली तरी क्वचितच हलतो. पण शटरच्या पट्ट्यांना धरून ठेवणाऱ्या फिती तुटल्या की दुरुस्ती सोपी नाही. त्यातल्या त्यात प्रकाशमापक नसलेला कीव-४ए घ्या. सेलेनियमचे मापक बहुतेक वेळा थकलेले असतात आणि मेलेल्या मापकाचं ओझं उगाच डोक्यावर राहतं.

कुठे शोधायचं

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली तर रशियन म्हणून समोर येतो तो बहुधा झेनिट. तो एसएलआर आहे (आतल्या आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दिसणारा), आपल्या विषयाबाहेरचा. दुकानदार याशिका इलेक्ट्रोलाही 'रेंजफाइंडर आहे साहेब' म्हणून पुढे करील आणि ते खरंही आहे, पण तो जपानी. फेड-झोर्की इथे कधीमधीच हाती लागतात. लागले तर फायदा एवढाच की हातात घेऊन तपासता येतं, आणि तो फायदा लहान नाही.

बहुतेक माल ऑनलाइन लिलावांतून येतो, युक्रेन, बाल्टिक देश, पोलंड, जर्मनी इथल्या विक्रेत्यांकडून. २०२२ पासून पेपाल रशियात बंद आहे, त्यामुळे थेट रशियातून मागवणं अवघड झालंय. परदेशी पार्सलवर सीमाशुल्क लागतं, कुरिअरवाले वर स्वतःचा आकार लावतात आणि स्वस्तातला कॅमेरा दुपटीला पडू शकतो. ही बेरीज बोली लावण्याआधी करा. जर्मनी किंवा पोलंडमध्ये मामेभाऊ, पुतणी, जुना मित्र असेल तर तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात त्यांना पाठवा, मात्र खालची तपासणी त्यांना आधी समजावून. नुसतं 'कॅमेरा बघ' म्हणाल तर ते सगळ्यात चकचकीत नग उचलून आणतील.

विक्रेत्याच्या वर्णनातले काही शब्द ओळखायला शिका. 'तपासला नाही' म्हणजे बहुधा तपासलाय आणि चालत नाही. 'शटर चालतं' म्हणजे आवाज येतो, इतकंच. 'सर्व्हिस केलेला' असं लिहिलं असेल तर काय काय केलं ते विचारा. शटरचे पडदे बदलले, संथ वेगांची यंत्रणा साफ केली, रेंजफाइंडर जुळवला, अशी उत्तरं देणारा विक्रेता दोन पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडून घ्या.

नग हातात आला : तपासणी

इथे घाई करू नका. एक टॉर्च, एक मोबाइल आणि अर्धा तास हवा.

सगळ्यात आधी एक नियम, जो या कॅमेऱ्यांत धर्मासारखा पाळायचा : आधी शटर भरायचं (कॉक करायचं), मगच वेग बदलायचा. फेड आणि झोर्कीमध्ये वेगाची चकती शटरच्या ड्रमबरोबर फिरते. शटर भरलेलं नसताना चकतीवरचे आकडे आपल्या जागी नसतात, त्यामुळे तेव्हा बदललेला वेग चुकीचा बसतो आणि काही मॉडेलांत आतल्या पिना-दात यांवर ताण येऊन नुकसान होतं. बदलताना चकती वर उचला, हव्या आकड्यापर्यंत फिरवा, सोडा आणि ती खाली नीट बसली का पाहा. अर्धवट बसली असेल तर ती जबरदस्तीने दाबू नका. कीवमध्येही हीच सवय ठेवा. विकणारा माणूस तुमच्यादेखत शटर न भरता चकती गरागरा फिरवत असेल, तर त्या कॅमेऱ्याने आजवर काय सोसलं असेल याचा अंदाज येतो.

आता पाठ काढा, लेन्स काढा. पडद्याचं कापड बघा : सुरकुत्या, चिरा, कडक झालेलं रबर. मग खोलीत अंधार करा. शटर न भरता समोरून, लेन्सच्या बाजूने टॉर्च धरा आणि मागून पाहा. काळ्या कापडात आकाशातल्या चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर ती भोकं आहेत आणि प्रत्येक भोक फोटोत पांढरा डाग होऊन उतरेल. मग शटर भरून पुन्हा पाहा, कारण आता दुसरा पडदा समोर येतो. बरेच लोक एकच पडदा तपासतात आणि दुसऱ्यातली भोकं रोल धुतल्यावर त्यांना भेटतात.

ही भोकं पडतात कशी? अनेकदा उन्हाने. एसएलआरमध्ये आरसा असतो, पडद्यापर्यंत सूर्य थेट पोहोचत नाही. रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये काहीच नसतं. झाकण न लावता, लेन्स अनंतावर (सगळ्यात दूरच्या फोकसवर) ठेवून, कॅमेरा उन्हात टेबलावर पडून राहिला तर लेन्स भिंगाचं काम करते आणि कापड जळतं. आपल्याकडच्या उन्हात ही शक्यता जास्त. लेन्सचं झाकण ही या कॅमेऱ्यांची सगळ्यात गरजेची ॲक्सेसरी आहे.

वेगांकडे वळू. मोबाइलवर २४० फ्रेम प्रतिसेकंदाचा स्लो-मोशन व्हिडिओ काढता येत असेल तर पाठ उघडी ठेवून, समोर उजेड धरून शटर उडवा. १/३० वर एका जागी उजेड साधारण ८ फ्रेम दिसला पाहिजे, एक सेकंदावर सुमारे २४०. १० फ्रेम आल्या तरी हरकत नाही, निगेटिव्ह फिल्म तेवढं सांभाळून घेते. ४० आल्या तर आतलं ग्रीस घट्ट झालंय. वरच्या वेगांसाठी मोबाइल पुरत नाही, तिथे डोळा वापरा : पांढऱ्या उजळ भिंतीकडे कॅमेरा धरून १/५०० वर वारंवार शटर उडवा. चौकट सलग उजळ दिसायला हवी. एक बाजू काळी राहत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला वाटेत गाठतोय. यावर उपाय म्हणून स्प्रिंगचा ताण वाढवून देणारे 'कारागीर' भेटतात. खरा रोग घट्ट झालेलं ग्रीस हा असतो, आणि ताण वाढवून तो बरा होत नाही.

रेंजफाइंडर : दूरच्या एखाद्या टॉवरकडे किंवा चंद्राकडे पाहून लेन्स अनंतावर न्या. मधल्या ठिपक्यातली दुहेरी प्रतिमा एकावर एक बसली पाहिजे. आडवी चूक असो की उभी, जुळवता येते, पण प्रतिमाच फिकट होऊन दिसेनाशी झाली असेल तर अर्धपारदर्शक आरसा गेलाय आणि हे काम मोठं.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. फेड-२ आणि झोर्की-४ मध्ये फिल्म गुंडाळणारी उजवीकडची रीळ सुटी असते, हाताने निघते. पाठ उघडल्यावर ती रीळ आत आहे का पाहा. फोटोत कॅमेरा कितीही सुंदर दिसो, रीळ नसेल तर रोल भरताच येत नाही आणि ती वेगळी मिळवेपर्यंत कॅमेरा पेपरवेट होऊन बसतो. विक्रेत्याकडून पाठ उघडलेला फोटो मागवण्याचं हे एक चांगलं कारण.

क्रमांकावरून वय कळतं का? कीवच्या आणि बऱ्याच झोर्कींच्या, तसंच केएमझेडच्या लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे सहसा वर्ष सांगतात : ६३ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९६३. फेडला हा नियम लागू नाही. कॅमेऱ्याबरोबर 'पासपोर्ट' नावाची छोटी पुस्तिका यायची, तिच्यात क्रमांक आणि कारखान्याचा तारखेचा शिक्का असतो. क्रमांक जुळणारा पासपोर्ट मिळाला तर तो जपून ठेवा.

लेन्स

फेड आणि झोर्की यांचं माउंट ३९ एमएमचं स्क्रू, लायकाच्या जुन्या स्क्रूशी जुळणारं. एकमेकांच्या लेन्स चालतात. फसगत होते ती इथे : सुरुवातीच्या झेनिट एसएलआरलाही ३९ एमएमचाच स्क्रू होता. झेनिटची लेन्स फेडमध्ये झकास बसते, पण फोकस होत नाही, कारण झेनिटमध्ये फिल्म आणि माउंट यांच्यातलं अंतर ४५.२ एमएम आणि फेड-झोर्कीत २८.८ एमएम. इंडस्टार-५० ही लेन्स तर दोन्हींसाठी बनली होती. ओळखायची खूण : रेंजफाइंडरच्या लेन्सच्या मागच्या बाजूला, काचेभोवती, फोकस फिरवला की मागेपुढे सरकणारं धातूचं कडं असतं, तेच कॅमेऱ्यातल्या तरफेला ढकलतं. कडं नसेल तर ती तुमची नाही.

पहिली लेन्स म्हणून ज्युपिटर-८ (५० एमएम, एफ/२) किंवा इंडस्टार-६१ एल/डी (५५ एमएम, एफ/२.८). ज्युपिटर-८ झाइसच्या सोन्नार लेन्सवरून घेतलेली, उघड्या छिद्रावर (ॲपर्चरवर) मऊ, चेहऱ्यांना प्रेमळ. इंडस्टार-६१च्या काचेत लॅन्थनम आहे आणि ती या किमतीत आश्चर्य वाटावं इतकी तीक्ष्ण. मला विचाराल तर पहिली ज्युपिटर-८. तीक्ष्णपणा आज कुठल्याही मोबाइलमध्ये मिळतो. दोन्हींच्या ॲपर्चरला क्लिक नाही, त्यामुळे बोट लागून आकडा सरकतो. फोटो काढण्यापूर्वी एकदा पाहायची सवय लावा.

पुढे रुंद कोनासाठी ज्युपिटर-१२ (३५ एमएम, एफ/२.८). हिची मागची काच बाहेर डोकावते, जवळजवळ पडद्याला भिडेल इतकी. मागचं झाकण न लावता टेबलावर ठेवली तर काच सरळ लाकडावर घासते. आणि ३५, ८५ किंवा १३५ एमएमसाठी वर बसणारा वेगळा व्ह्यूफाइंडर लागतो. फिरत्या बुरुजाचा, पाच भिंगांचा सोव्हिएत व्ह्यूफाइंडर घ्या, पुढच्या सगळ्या लेन्सचं काम त्यातच होतं. ज्युपिटर-३ (एफ/१.५) आणि ज्युपिटर-९ (८५ एमएम, एफ/२) या मोठ्या छिद्राच्या लेन्स मात्र फोकस जुळलेल्या असतील तरच घ्या.

कीवला हे काही लागू नाही. त्याचं माउंट काँटॅक्सचं, ५० एमएमची लेन्स आतल्या कड्यात बसते आणि बाकीच्या बाहेरच्या. लेन्स काढताना ती अनंतावर असली पाहिजे.

काच तपासताना टॉर्च तिरपी धरा. थोडी धूळ, दोन-तीन बुडबुडे यांनी काही बिघडत नाही. जुन्या सोव्हिएत काचेत बुडबुडे असणं नेहमीचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, तिच्यापासून लांब.

पहिला रोल

फिल्म २०० किंवा ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) घ्या. मापक नसेल तर उन्हाचा साधा नियम पुरतो : लख्ख उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओच्या जवळचा वेग. २०० आयएसओला १/२५०. ढग आले की एक-दोन पायऱ्या उघडा, सावलीत तीन. मोबाइलवरचं मापकाचं ॲपही चालतं. फेड-४ सारख्या मापकवाल्या कॅमेऱ्यावर फिल्मची संवेदनशीलता सोव्हिएत गोस्ट मोजणीत लिहिलेली असते : गोस्ट ६५ म्हणजे साधारण आयएसओ ८०, गोस्ट १३० म्हणजे साधारण १६०.

फिल्मची जीभ रिळीत खोचा, दोन्ही बाजूंचे दात भोकांत बसले का पाहा आणि पाठ लावण्यापूर्वी एकदा पुढे सरकवा. पाठ लावल्यावर रिवाइंडचा नॉब हळूच फिरवून सैलपणा काढा. पुढचा फोटो भरताना तो नॉब उलटा फिरला पाहिजे. नाही फिरला तर फिल्म पुढे जातच नाहीये. फोटोमोजणीची चकती बहुतेक मॉडेलांत हाताने शून्यावर आणावी लागते. रोल संपला की शटर बटणाभोवतीचं कडं फिरवून मग रिवाइंड करायचं. अडलं तर जोर लावू नका, फिल्मची भोकं फाटतात.

पहिल्या रोलवर प्रत्येक वेगाचा किमान एक फोटो काढा, प्रत्येकाची नोंद वहीत ठेवा. सगळ्यात उघड्या छिद्रावर एक मीटरवरच्या गोष्टीचा एक, मध्यम अंतराचा एक, दूरचा एक. सूर्य पाठीशी असताना आणि बाजूला असतानाही काढा. लॅबला निगेटिव्ह न कापता, सलग परत द्यायला सांगा. म्हणजे कुठल्या फ्रेमवर पांढरा डाग आलाय, कुठे कडा काळी पडलीय, दोन फ्रेममधलं अंतर कमीजास्त होतंय का, हे एका नजरेत दिसतं. हा रोल सुंदर फोटोंसाठी नाही.

बनावट लायका

आता एक धोक्याचा प्रकार. 'जर्मन हवाई दलाचा लायका', '१९३६ ऑलिंपिकचा लायका', सोनेरी मुलामा, गरुड, स्वस्तिक. यातले बहुतेक फेड किंवा झोर्की असतात, वरचं नाव खरवडून नवं कोरलेलं, लेन्सवर एल्मार (लायकाच्या लेन्सचं नाव) लिहिलेलं. हे उद्योग वर्षानुवर्षं चालू आहेत आणि हा माल आपल्याकडच्या जुन्या बाजारांपर्यंतही पोहोचतो. ओळखायची खूण अगदी सोपी. लेन्स काढा आणि माउंटच्या आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरची तरफ पाहा. खऱ्या लायकात तिच्या टोकाला गोल फिरणारी चाकली असते. फेड-झोर्कीत घट्ट, त्रिकोणी-पाचरीच्या आकाराचं टोक असतं. विक्रेता लेन्स काढून दाखवायला तयार नसेल तर त्याचाही अर्थ लावा.

गंमत अशी की काही जण हे बनावट लायकाच जमवतात. तोही एक संग्रह झाला, पण मग किंमत फेडची द्या.

घरी सांभाळणं

कोकण, मुंबई, गोवा इथे राहणाऱ्यांसाठी खरा शत्रू पावसाळा. कॅमेऱ्याबरोबर आलेली चामड्याची पिशवी मूळची असली तरी तिच्यात कॅमेरा ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथून लेन्समध्ये शिरते. पिशवी वेगळी, कापडात गुंडाळून ठेवा. कॅमेऱ्यांसाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. जेलचा रंग बदलला की वाळवून पुन्हा घाला. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून कॅमेरे बाहेर काढा, प्रत्येक वेगावर शटर चालवा, लेन्सचा फोकस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ग्रीस हलतं राहतं.

शटर भरलेल्या अवस्थेत कॅमेरा ठेवू नका, स्प्रिंग थकते. आणि शटर अडकलं म्हणून गंज काढायचा फवारा कधीही आत मारू नका. तेल पडद्याच्या कापडात जिरतं, मग त्याला धूळ चिकटते आणि आजचा छोटा प्रश्न उद्या न सुटणारा होतो.

दुसरा, तिसरा, पाचवा

एक कॅमेरा नीट चालायला लागला की मगच दुसऱ्याकडे वळा. इथे प्रत्येकाची दिशा वेगळी. कुणी फक्त फेड घेतं, १ पासून ५ पर्यंत, म्हणजे १९३४ पासून सोव्हिएत युनियनच्या शेवटापर्यंतचा एकाच कारखान्याचा प्रवास समोर राहतो. कुणी एकच वर्ष धरतं, उदाहरणार्थ १९५७, आणि त्या वर्षीचा फेड, झोर्की, कीव. कुणी १९६७चे ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नाशीचे कोरीव अक्षरवाले झोर्की शोधतं. माझ्या मते एका मॉडेलचे तीन-चार चालू नग हा सगळ्यात शिकवणारा संग्रह. ते शेजारी ठेवले की कोणता स्क्रू बदललाय, कोणता नॉब दुसऱ्या कॅमेऱ्याचा आहे, कातडी मूळची की नंतरची, हे आपोआप दिसायला लागतं. त्यानंतर दुर्मीळ नगाची पारख करायला डोळा तयार असतो. पैसे तेव्हा खर्च करा.

प्रत्येक नगासाठी एक पान ठेवा : क्रमांक, कुणाकडून, कितीला, वेगांचे मोजलेले आकडे, पहिल्या रोलात काय आलं, कुणी दुरुस्त केलं. पुढे विकायचा झाला तर हे पान कॅमेऱ्याबरोबर द्या. घेणाऱ्याला पासपोर्टपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.